काव्यमैत्री आणि एक वर्षावन



कविता आणि अरण्य यांचा संबंध काय, असें कोणी विचारलें तर आपण सहज म्हणूं कीं, कवी अरण्याचें वर्णन करतात. ऋतु, वृक्ष, निर्झर हे आपल्या काव्यपरंपरेचे जुनेच विषय होत. परंतु अरण्याचें वर्णन करणें निराळें आणि तें राखण्यास हातभार लावणें निराळें. पहिल्या कामास प्रतिभा पुरते; दुसऱ्यास तिच्याखेरीज मित्र लागतात, माहिती लागते आणि वर्षानुवर्षें टिकणारी चिकाटी लागते. १९७८ ते १९८३ या काळांत केरळमध्यें असा योग जुळून आला. कवितेच्या ओढीनें एकमेकांना ओळखणारी कांहीं मंडळी आणि शास्त्राच्या ओढीनें एकत्र आलेली दुसरी कांहीं मंडळी यांनीं हातांत हात घातले, आणि धरणाच्या पाण्याखालीं जाऊं घातलेलें एक वर्षावन वांचलें. ती हकीगत सांगावी आणि तींत कवितेचा वाटा नेमका कोणता होता हें पाहावें, असा आज माझा विचार आहे.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेऊं. केरळच्या पालक्काड जिल्ह्यांत, निलगिरी पर्वताच्या नैर्ऋत्य बाजूस, ८९.५२ चौरस किलोमीटर क्षेत्राचें एक उंच पठार आहे. चोहों बाजूंनीं डोंगरांच्या भिंती आणि तुटलेले कडे असल्यामुळें तेथें कुऱ्हाडीचा शिरकाव फारसा झाला नाहीं. आंतल्या भागांत मनुष्यवस्तीही नव्हती. इंग्रजांनीं या जागेस ‘सायलेंट व्हॅली’ म्हणजे निःशब्द दरी असें नांव दिलें. रॉबर्ट वाइट नांवाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १८४७ सालीं तेथें संशोधनासाठीं गेले होते. स्थानिक लोक मात्र या वनाला सैरंध्रीवन म्हणत. विराटाच्या घरीं अज्ञातवासांत असतां द्रौपदीनें धारण केलेलें हें नांव आपल्या घरोघरच्या महाभारतवाचकांस ठाऊकच आहे. वनांतून वाहणारी नदी कुंतिपुळा. तिच्या नांवांत कुंतीचें स्मरण आहे. इंग्रजी नांवाची उपपत्ति तीन प्रकारें सांगतात. सैरंध्री या शब्दाचाच तो अपभ्रंश, असें कोणी म्हणतात. झाडांवर बसून किर्र आवाज करणारे किडे तेथें ऐकूं येत नसत, म्हणून ती दरी निःशब्द, असें दुसरे म्हणतात. तेथें आढळणाऱ्या सिंहपुच्छ वानराच्या ‘सायलेनस’ या शास्त्रीय नांवाशीं तिसरे तिचा संबंध जोडतात.

आतां वर्षावन म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. कारण पुढील सर्व वादाचें मर्म त्यांत आहे. जेथें पाऊस पुष्कळ पडतो आणि हवा बहुतेक वर्षभर उबदार व दमट राहते, तेथें अशीं सदाहरित अरण्यें वाढतात. त्यांत झाडांचे मजले असतात. सर्वांत वर उंच वृक्षांचें छत, त्याखालीं मध्यम झाडें, त्याखालीं झुडपें व वेली, आणि तळाशीं कुजणाऱ्या पानांचा जाड थर. इतकी हिरवी समृद्धि पाहून आपणांस वाटतें कीं, खालची माती फार सुपीक असली पाहिजे. वास्तविक पाहतां अशा वनांत बरेचसें पोषक द्रव्य सजीव झाडांतच सांठलेलें असतें. पान गळतें, बुरशी व कीटक तें कुजवितात, आणि त्यांतलें सत्त्व पावसानें वाहून जाण्यापूर्वींच वरवर पसरलेलीं मुळें तें शोषून घेतात. हें चक्र चालूं आहे तोंवर वन भरभराटीस असतें. झाडें तोडलीं कीं चक्र तुटतें, माती धुपून जाते, आणि त्या जागीं तसें वन पुन्हा उभें करणें मनुष्याच्या एका आयुष्यांत शक्य होत नाहीं. ‘येथें तोडूं आणि तेथें लावूं’ हा हिशेब बागेच्या बाबतींत चालतो, वर्षावनाच्या बाबतींत चालत नाहीं.

या परस्परावलंबनाचें एकच उदाहरण देतों. सिंहपुच्छ वानर हा काळ्या अंगाचा, मुखाभोंवतीं करड्या आयाळीचा आणि शेंपटीच्या टोंकास सिंहासारखा गोंडा असलेला प्राणी केवळ आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागांत आढळतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. कलेनिया नांवाचा एक उंच वृक्ष त्याचा मोठा अन्नदाता. त्या वृक्षाचीं फुलें फांद्यांना थेट लगडतात, आणि फळें काटेरी असतात. इतर खाद्य दुर्मिळ होतें अशा दिवसांत हीं फुलें आणि पुढें त्या फळांतल्या बिया या वानरास जगवितात. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्यास त्याला पानांचें अखंड छत लागतें. छत मध्येंच तुटलें तर अलीकडचे कळप अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे अडकून पडतात. म्हणून अरण्याचा किती भाग बुडणार एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. मधला कोणता भाग बुडणार, हेंही विचारावें लागतें.

याच दरींत, सैरंध्री येथें, कुंतिपुळेवर धरण बांधावें ही कल्पना इंग्रजी अमदानींतली. १९७३ सालीं नियोजन मंडळानें त्या योजनेस मान्यता दिली. धरणाची उंची १३१ मीटर, आरंभीची वीज १२० मेगावॅट, आणि पाण्याखालीं जाणारें क्षेत्र सुमारें ८३० हेक्टर, असा आराखडा होता. येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. योजनेचा पुरस्कार करणारे लोक कांहीं अरण्याचे वैरी नव्हते. मलबारचा प्रदेश मागासलेला. तेथें विजेची टंचाई होती, कारखाने नव्हते, तरुणांस काम नव्हतें. दहा हजार हेक्टर जमिनीस पाणी मिळेल आणि बांधकामावर दोन-तीन हजार लोकांस रोजगार मिळेल, असें सांगितलें जात होतें. राज्यांतील बहुतेक प्रमुख पक्ष योजनेच्या बाजूचे होते. अरण्याच्या बाजूनें बोलणार कोण? त्या अरण्यांत मतदार नव्हता.

शंका प्रथम काढली ती शास्त्रज्ञांनीं. १९७६ सालीं केंद्राच्या एका समितीनें पश्चिम घाटाचा विचार केला. तिचे प्रमुख झफर फतेहअली हे मुंबईचे निसर्गप्रेमी गृहस्थ. समितीनें योजना सोडून द्यावी असा सल्ला दिला. पण सोडतां येतच नसेल तर अमुक अमुक सतरा अटी पाळाव्या, असेंही लिहून ठेविलें. राज्यकर्त्यांनीं अर्थातच दुसरें दार धरलें. अटी पाळूं, असें सांगून काम पुढें नेण्यांत आलें, आणि १९७८ सालीं पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं संमति दिली. त्याच वर्षीं अश्काबाद येथें भरलेल्या जागतिक निसर्गरक्षण संघाच्या सभेनें मात्र सिंहपुच्छ वानराचें हें वसतिस्थान राखावें, असा ठराव केला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें आणि तिचे आधारस्तंभ सलीम अली यांनींही आपलें वजन अरण्याच्या पारड्यांत टाकलें.

केरळांत हें काम शिरावर घेतलें तें केरळ शास्त्रसाहित्य परिषदेनें. १९६२ सालीं स्थापन झालेली ही संस्था मल्याळम् भाषेंत शास्त्रीय लेखन व्हावें एवढ्याच हेतूनें सुरू झाली होती. तिच्या कार्यकर्त्यांत शाळामास्तरांचा भरणा मोठा होता, हें सांगतांना माझ्यासारख्या निवृत्त मास्तरास आनंद वाटल्यास श्रोत्यांनीं क्षमा करावी. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनीं सायलेंट व्हॅलीविषयीं लेख लिहिले. १९७९ सालीं परिषदेनें एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. तिच्या पांच लेखकांत वनस्पतिशास्त्राचे, विजेचे, शेतीचे आणि अर्थशास्त्राचे जाणकार होते. अरण्य सुंदर आहे, एवढेंच सांगून ते थांबले नाहींत. मलबारला वीज खरोखर किती लागते, ती दुसऱ्या मार्गानें कशी मिळेल, शेतीला पाणी देण्याचे याहून स्वस्त उपाय कोणते, याचा हिशेब त्यांनीं मांडला. विरोध करणाऱ्यानें पर्यायही सांगावा, हा उत्तम पायंडा त्यांनीं घातला.

परंतु हिशेबाची पुस्तिका किती घरांत वाचली जाणार? येथें कवितेचा प्रवेश होतो.

सुगतकुमारी या मल्याळम् भाषेंतल्या थोर कवयित्री. १९३४ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील बोधेश्वरन् हे कवि व स्वातंत्र्यसैनिक. सायलेंट व्हॅलीची हकीगत त्यांना कळली ती लेखांवाटे. तें वन त्यांनीं तोंवर पाहिलें नव्हतें. तरीही त्या अस्वस्थ झाल्या, आणि त्यांनीं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आपल्या काव्यमित्रांस गाठलें. कवि व संपादक एन. व्ही. कृष्ण वारियर, ओ. एन. व्ही. कुरुप, अय्यप्प पणिक्कर, कडम्मनिट्ट रामकृष्णन, विष्णुनारायणन् नंपूतिरी अशीं ही मंडळी. ख्यातनाम कथाकार वैकम मुहम्मद बशीर यांचाही पाठिंबा होता. सर्वांचीं राजकीय मतें एक नव्हतीं आणि काव्यशैलीही एक नव्हती. कोणी संस्कृत वळणाचे, कोणी नवकवि, कोणी डाव्या विचारांचे. एरवीं त्यांच्यांत वाद झाले असते ते छंदावरून आणि प्रतिमांवरून. तथापि एकमेकांच्या कविता वाचून, ऐकून जी जवळीक उत्पन्न झाली होती ती या वेळीं उपयोगी पडली. ‘प्रकृति संरक्षण समिति’ उभी राहिली आणि सुगतकुमारी तिच्या चिटणीस झाल्या.

मग सभा सुरू झाल्या. तिरुवनंतपुरमला कविसंमेलनें झालीं. शाळांत, महाविद्यालयांत, गांवोगांव मंडळी जाऊं लागली. सुगतकुमारींची ‘मरत्तिन् स्तुति’, म्हणजे ‘वृक्षाची स्तुति’, ही कविता अशा सभांच्या आरंभीं प्रार्थनेसारखी म्हटली जाऊं लागली. त्या कवितेंत वृक्षाला नीलकंठ शंकराची उपमा आहे. या उपमेचें सामर्थ्य ध्यानांत घ्या. झाड दूषित वायु घेतें आणि शुद्ध हवा देतें, हें वाक्य पाठ्यपुस्तकांत मीं अनेक वर्षें शिकविलें. मुलें तें परीक्षेपुरतें पाठ करीत आणि उन्हाळ्याच्या सुटींत विसरत. पण वृक्ष हा विष पिऊन जगाला वांचविणारा शंकर आहे, असें एकदां मनांत उतरलें म्हणजे झाडावर कुऱ्हाड घालतांना हात थबकतो. शास्त्राचें तेंच सत्य उपमेच्या वाटेनें घरांत गेलें. पुढें १९८३ सालीं या निसर्गकवितांचा एक संग्रहही निघाला. त्याचें नांव ‘वनपर्व’. सैरंध्रीच्या वनास तें किती साजेसें होतें!

या कवींची टवाळी झाली नाहीं असें नाहीं. ‘मरक्कवी’ असें त्यांना हिणवण्यांत आलें. मल्याळममध्यें ‘मरम्’ म्हणजे झाड आणि लांकूडही. त्यामुळें वृक्षकवि म्हणतां म्हणतां ‘लांकडी कवि’ असाही टोमणा मारतां येई. अंधारांत बसलेल्या गरिबाच्या घरीं दिवा लागत असतां यांना माकडांचा कळवळा, असें विरोधक म्हणत. हा आक्षेप वरवरचा नव्हता. कवींपाशीं केवळ भावना असती तर त्यांना याचें उत्तर देतां आलें नसतें. परंतु व्यासपीठावर त्यांच्या शेजारीं शास्त्रसाहित्य परिषदेचा कार्यकर्ता पुस्तिका घेऊन बसलेला असे. कविता संपली कीं तो उठे, आणि वीज कोठून आणावयाची, पाणी कसें पुरवावयाचें, हें सांगे. कवितेनें लोक सभागृहांत आले, आणि आलेल्या लोकांस आंकडे ऐकावेसे वाटले. माझ्या मतें या प्रकरणांतला कवितेचा वाटा हा असा आणि इतका आहे. तो याहून मोठा म्हणून सांगूं नये, आणि कमीही लेखूं नये.

पुढील घटना थोडक्यांत सांगतों. १९७९ सालीं उच्च न्यायालयानें कांहीं काळ काम थांबविलें. १९८० च्या आरंभीं अर्ज फेटाळला गेला. त्याच सुमारास कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनीं पाहणी करून, आसपासच्या वनांसह ३८९.५२ चौरस किलोमीटरचें क्षेत्र राखीव करावें, अशी सूचना केली होती. डिसेंबर १९८० मध्यें राज्य सरकारनें तेथें राष्ट्रीय उद्यान जाहीर केलें, पण धरणाची जागा वगळून. ज्या जागेसाठीं सारा वाद, तीच बाहेर! मग केंद्रानें शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिच्या सभासदांत आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ होते. समितीचा अहवाल १९८३ सालीं आला. इंदिरा गांधी यांचा कल अरण्य राखण्याकडे होताच. त्या वर्षींच योजना सोडून देण्यांत आली. १५ नोव्हेंबर १९८४ रोजीं धरणाच्या जागेसह सर्व क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झालें, आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजीं राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचें उद्घाटन झालें. २०१२ सालीं पश्चिम घाटाचीं जीं ३९ स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं, त्यांत हें वनही आहे.

वन एकदां वांचलें म्हणजे कायमचें वांचलें, असें मात्र समजूं नये. उद्यानाच्या सीमेबाहेर, त्याच नदीवर, पात्रक्कडवु येथें दुसऱ्या धरणाची योजना एकविसाव्या शतकाच्या आरंभीं पुढें आली. पुन्हा लेख लिहावे लागले, पुन्हा सभा घ्याव्या लागल्या. २००७ सालीं उद्यानाभोंवतीं १४८ चौरस किलोमीटरचें संरक्षक क्षेत्र मंजूर झालें. धरणाची गरज सांगणाऱ्यास एकदांच जिंकावें लागतें. वन राखणाऱ्यास प्रत्येक पिढींत जिंकावें लागतें. म्हणूनच या कामाला तात्पुरती चळवळ पुरत नाहीं, टिकाऊ मैत्री लागते. सुगतकुमारी २०२० च्या डिसेंबरांत निवर्तल्या आणि प्रा. प्रसाद २०२२ च्या जानेवारींत. तोंवर चार दशकें हीं दोघें वनाच्या कामांत होतीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. सह्याद्रि हा आपला. त्याच पर्वताच्या दक्षिणेस सैरंध्रीचें वन आहे. आपल्याकडे कवितेवर प्रेम करणारीं घरें थोडीं नाहींत. पूर्वीं हा स्नेह मासिकांच्या पानांतून, पोस्टाच्या पत्रांतून आणि गणेशोत्सवांतल्या काव्यगायनांतून जुळत असे. आज पुण्याची एक गृहिणी, नागपूरचा एक वकील आणि परदेशीं गेलेला एक इंजिनियर हीं एकमेकांस न भेटतांही हातांतल्या दूरध्वनीवर रोज आवडत्या कविता पाठवितात. कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसें वाटत नाहीं. कविता ऐकविण्याच्या निमित्तानें जीं माणसें रोज एकमेकांशीं बोलतात, त्यांच्यांत विश्वास उत्पन्न होतो. आणि सार्वजनिक कामाला लागणारें मूळ भांडवल तेंच आहे. प्रश्न एवढाच कीं, हें भांडवल आपण कोठें गुंतवितों?

एक प्रत्यक्ष उदाहरण देतों. २०१० सालीं केंद्र सरकारनें पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठीं माधव गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालीं मंडळ नेमलें. त्याचा अहवाल २०११ सालीं आला. पुढें २०१४ पासून घाटांतले संवेदनशील भाग ठरविणारे मसुदे अनेक वेळां प्रसिद्ध झाले. त्यांत महाराष्ट्रांतलीं आणि गोव्यांतलीं पुष्कळ गांवें आहेत. असा मसुदा निघाला कीं हरकती व सूचना पाठविण्यास साठ दिवसांची मुदत असते. कोणाही नागरिकास पत्र पाठवितां येतें. खाणीवाले त्या साठ दिवसांत काय करावयाचें तें बरोबर जाणतात. कवितेवर प्रेम करणाऱ्या घरांतून किती पत्रें जातात?

पत्र पाठवावयाचें तर वाचावें लागेल; आणि घाटांत राहणाऱ्या शेतकऱ्याच्या अडचणीही समजून घ्याव्या लागतील. त्याच्या वीज-पाण्याचा विचार न करतां शहरांत बसून झाडांचे गोडवे गाणें म्हणजे ‘लांकडी कवि’ हा टोमणा खरा करून दाखविणें होय. केरळच्या मंडळींनीं तो खरा होऊं दिला नाहीं, कारण त्यांच्या सभेंत कवितेमागोमाग हिशेब येत असे. आपल्या काव्यमंडळांनींही महिन्यांतला एक दिवस यासाठीं ठेवावा. त्या दिवशीं आवडती एक कविता वाचावी, आणि नंतर आपल्या जवळच्या एखाद्या राईची, देवराईची किंवा घाटांतल्या एखाद्या वनाची माहिती मिळवून वाचावी: तेथें कोणतीं झाडें आहेत, तें कोणाच्या मालकीचें आहे, त्यावर कोणती योजना येऊं घातली आहे आणि त्या योजनेची खरी गरज किती आहे. एवढें नियमानें झालें, तर मसुदा निघेल त्या दिवशीं कोणास पत्र लिहावयाचें आणि काय लिहावयाचें, हें त्या मंडळास शोधत बसावें लागणार नाहीं.